बोट टोचण्याआधी प्रश्न ठरवा

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटर घरी येतो आणि महिन्याभरात कपाटात जातो. मधला प्रवासही साधारण ठरलेला. हौसेहौसेने घरातल्या सगळ्यांची शुगर बघून होते. मग एका सकाळी १४८ येते, खात्री करायला पाच मिनिटांनी पुन्हा बघावं तर १६१. 'मशीनच खोटं आहे' असा निकाल लागतो आणि पाकिटाची चेन बंद.

मशीन खोटं नसतं. त्याच्याकडून आपण नको ते मागतो, एवढंच. घरची तपासणी कामाला येते ती दोन अटींवर: थेंब नीट घेतलेला असावा, आणि तो घेण्याआधी आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय हे ठरलेलं असावं. दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे, पण पहिली पाळली नाही तर दुसरीला अर्थच उरत नाही. म्हणून आधी थेंबाबद्दल.

(खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत. तुमच्या मीटरवर ६.८ किंवा ९.४ असे दशांश चिन्ह असलेले आकडे दिसत असतील तर तो मिलिमोलमध्ये मोजतोय. त्याला १८ने गुणा. ७.० म्हणजे १२६.)

स्ट्रिपच्या आत

मीटरमध्ये घालायच्या चाचणीपट्टीचं, म्हणजे स्ट्रिपचं, टोक उजेडात धरून पाहिलं तर तिथे एक बारीकशी फट दिसते. रक्ताचा थेंब त्या फटीला टेकला की आपोआप आत ओढला जातो. ढकलावा लागत नाही. आत एन्झाइमचा पातळ थर असतो, ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया झाली की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो, आणि मीटर त्या प्रवाहावरून आकडा काढतो. बहुतेक मीटरना याला पाचेक सेकंद लागतात. म्हणजे खरी प्रयोगशाळा ती एवढीशी स्ट्रिप आहे, मीटर फक्त वाचनाचं काम करतो. महागडा मीटर आणि दमट झालेली स्ट्रिप यापेक्षा साधा मीटर आणि ताजी स्ट्रिप केव्हाही बरी.

या मोजणीत किती फरक चालतो हे आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेलं आहे. आयएसओ १५१९७च्या २०१३च्या आवृत्तीप्रमाणे, शुगर १००पेक्षा कमी असेल तर १००पैकी ९५ रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत यायला हवीत. १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत. रक्तात खरोखर १५५ असेल तर मीटरने १३२ दाखवले काय किंवा १७८ दाखवले काय, तो नियमातच बसतो. आता वरच्या १४८ आणि १६१कडे पुन्हा बघा. दोन्ही बरोबर आहेत. काल ११८ होती आणि आज १२६ आली म्हणून रात्री काय खाल्लं याचा पंचनामा करत बसण्यात अर्थ नाही; तो फरक मीटरच्या आवाक्यातलाच नाही. याच कारणाने घरच्या मीटरवर मधुमेहाचं निदान करत नाहीत. आणि म्हणूनच शेजाऱ्याच्या बोटातून १३० आली तर त्याला मधुमेही ठरवू नका, प्रयोगशाळेत पाठवा.

हात

अर्धा मायक्रोलीटर रक्तावर स्ट्रिपचं काम होतं. शुगर १०० असेल तर एवढ्या रक्तात ग्लुकोज किती? अर्धा मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे वीस लाख भाग केले तर त्यातला एक. फळ कापल्यावर किंवा ग्लुकोज पावडरची पुडी उघडल्यावर बोटाला याच्या कित्येक पट साखर चिकटून राहते, दिसत मात्र नाही. तेवढीच आणखी साखर थेंबात मिसळली तर १००चे थेट २०० होतात. अचानक, कारण नसताना, २६० किंवा ३१० असा आकडा आला तर पहिला संशय स्वतःच्या बोटावर घ्या. हात धुऊन दुसऱ्या बोटातून पुन्हा बघा, मगच घाबरा.

हात धुवायचे ते साबण आणि पाण्याने. स्पिरिटचा बोळा फिरवून हे काम भागत नाही, कारण साखर स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, बोटावर नुसती पसरते. वर ते स्पिरिट पूर्ण वाळलं नाही तर थेंब गोल न राहता बोटभर पसरतो आणि रक्त पातळ होतं ते वेगळं. हॅन्ड सॅनिटायझरची तीच गोष्ट. कोमट पाणी मिळालं तर उत्तम, बोटात रक्त उतरतं. मग हात खरोखर कोरडे करा. नखाच्या कडेला राहिलेला पाण्याचा एक थेंब रक्ताच्या थेंबापेक्षा मोठा असतो.

बाहेर असताना पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा वापरायचा. हात नीट धुतलेले असतील तर पहिला थेंब चालतो. 'पहिला थेंब नेहमी पुसायचाच' हा नियम घरी हात धुणाऱ्याला लागू नाही.

टोचायचं कुठे आणि किती

बोटाच्या मधोमध, जिथे आपण शाई लावून ठसा देतो, तिथे टोचू नका. वस्तू चाचपायला आपण तोच भाग वापरतो, म्हणून संवेदना तिथे सगळ्यात जास्त. नखाच्या बाजूला, पेराच्या कडेवर टोचलं तर दुखतं कमी आणि रक्त तेवढंच येतं. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वापरा. अंगठा आणि तर्जनी दिवसभर कामात असतात, त्यांना सोडा. रोज तीच जागा धरली तर कातडी निबर होते, मग सुई खोल लावावी लागते, मग जास्त दुखतं. तीन बोटं, दोन कडा, दोन हात मिळून बारा जागा होतात. क्रमाने फिरा.

टोचायच्या पेनावर १ ते ५ असे आकडे असतात. सुई किती खोल जाईल ते त्यावरून ठरतं. २पासून सुरुवात करा. थेंब आला नाही तर एकेक पायरी वाढवा. सुईच्या डबीवर २८, ३०, ३३ असे आकडे असतात ते जाडीचे, आणि ते उलटे चालतात: आकडा मोठा तेवढी सुई बारीक. ज्यांची कातडी कष्टाने जाड झालीय त्यांना ३३ नंबरची सुई पुरत नाही, आणि मग ते बोट दाबत बसतात.

दाबणं हीच मोठी चूक. पेराचं टोक चिमटीत धरून पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधला पाण्यासारखा द्रवही बाहेर येतो आणि रीडिंग बिघडतं. थेंब येत नसेल तर आधी हात कमरेखाली सोडून पंधरा-वीस सेकंद झटका. टोचल्यावर तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हळू हळू, गाईच्या आचळाला हात लावावा तसं, सरकवत या. सगळ्यात शेवटचं पेर मात्र आवळायचं नाही. एवढं करूनही थेंब मोहरीएवढा झाला नाही तर खोली एकने वाढवून दुसरीकडे टोचा. अर्धवट थेंबावर स्ट्रिप वाया घालवण्यापेक्षा आणखी एकदा टोचणं परवडतं.

आता क्रम. हात धुण्याआधी पेनात नवी सुई बसवून पेन ताणून ठेवा, म्हणजे ओल्या हातांनी खटपट नको. हात धुऊन पुसल्यावर डबीतून एक स्ट्रिप काढा आणि झाकण लगेच लावा. 'लगेच' म्हणजे स्ट्रिप मीटरमध्ये घालण्याच्या आधी. स्ट्रिप आत सरकवली की मीटर सुरू होतो. पडद्यावर लुकलुकणारा थेंब दिसेपर्यंत थांबा. त्याआधी रक्त लावलं तर एरर येतो. मग टोचा, थेंब होऊ द्या, आणि स्ट्रिपचं टोक थेंबाच्या कडेला टेकवा. बोट स्ट्रिपवर घासायचं नाही, रक्त वरून सोडायचं नाही. फट पूर्ण भरलेली दिसली की हात बाजूला. कमी पडलं म्हणून मागाहून थोडं रक्त लावायची सोय काही मोजक्याच मीटरमध्ये असते. तुमच्या मीटरच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती स्ट्रिप गेली असं समजा.

पडद्यावर आकड्याऐवजी 'हाय' आलं तर मीटर नमस्कार करत नाहीये. शुगर त्याच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर गेलीय, बहुतेक मीटरमध्ये ही मर्यादा ६०० असते. 'लो' म्हणजे साधारण २०च्या खाली. हात धुऊन एकदा पुन्हा बघा आणि तेच आलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. 'लो' आलं आणि अंगाला घाम सुटलेला असेल तर पुन्हा बघण्यातही वेळ घालवू नका, आधी साखर.

सुई दर वेळी नवी. एकदा वापरल्यावर तिचं टोक बोथट होतं, दुसऱ्या वेळी ती टोचत नाही, फाडते. आणि पेन एकाच माणसाचं. सुई बदलली तरीही पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, कारण पेनाच्या टोपणाला आतून रक्त लागलेलं असतं आणि हिपॅटायटिस बी त्यातून पसरू शकतो. हौसेने घरातल्या सगळ्यांची शुगर बघण्याचा कार्यक्रम इथेच थांबवा.

स्ट्रिप कशी खराब होते

हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप त्याच डबीत राहू द्यायच्या. सोयीसाठी चार स्ट्रिप कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या, की त्या गेल्याच समजा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. फ्रिजमध्येही नको: थंड डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. बहुतेक स्ट्रिप २ ते ३० अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात, डबीवर बघून घ्या. काही कंपन्यांच्या स्ट्रिप डबी उघडल्यापासून तीन किंवा सहा महिन्यांतच वापरायच्या असतात, छापील मुदत पुढची असली तरी. डबी उघडाल त्या दिवशी पेनाने तिच्यावर तारीख टाका.

जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये डबीवरचा कोड आणि पडद्यावरचा कोड जुळवावा लागतो. नवी डबी उघडली आणि कोड तोच राहिला तर सगळी रीडिंग एका बाजूला सरकलेली येतात. मुळात कोड न लागणारा मीटर घेणं हा यावरचा सोपा उपाय.

मीटर ठीक आहे का, हे कळायला कंट्रोल सोल्युशन मिळतं. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावायचा आणि येणारा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते बघायचं. पाण्याने किंवा साखरेच्या पाण्याने हे होत नाही. नवी डबी उघडल्यावर, मीटर हातातून पडल्यावर किंवा आकडे पटेनासे झाले की हे करा.

प्रयोगशाळेशी ताडून बघायचं असेल तर उपाशीपोटी बघा, आणि शिरेतून रक्त काढल्यानंतर दहा मिनिटांच्या आत, तिथेच बसून, बोटातून तपासा. जेवणानंतर तुलना करू नका: तेव्हा बोटातल्या केशवाहिन्यांमधली शुगर शिरेतल्यापेक्षा खरोखरच जास्त असते, कारण उती ग्लुकोज उचलतात आणि मगच रक्त शिरेत जातं. सकाळी सातला घरी आणि साडेनऊला प्रयोगशाळेत, ही तर तुलनाच नव्हे. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर चांगला आहे. शिवाय प्रयोगशाळेतही रक्त योग्य नळीत नसेल आणि तास-दोन तास पडून राहिलं, तर पेशी त्यातलं ग्लुकोज खात राहतात आणि आकडा उतरतो. तेव्हा दर वेळी चूक मीटरचीच असते असं नाही.

रक्ताचंही काही असतं. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर पुष्कळ मीटर शुगर जास्त दाखवतात; शरीरातलं पाणी कमी होऊन रक्त दाट झालं तर उलट. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, विशेषतः शिरेतून दिलेल्या, रीडिंग खोटंच वर नेऊ शकतात. पोटातून डायलिसिस चालू असेल आणि त्याच्या द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन हा पदार्थ असेल तर त्यापासून रक्तात माल्टोज ही वेगळी साखर तयार होते; काही विशिष्ट एन्झाइमच्या स्ट्रिप तिलाही ग्लुकोज समजतात, आणि खरी लो शुगर चांगली दिसते. अशा रुग्णांनी स्ट्रिप डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

कधी तपासायचं

हा खरा मुद्दा. 'रोज सकाळी उपाशीपोटी' हे उत्तर इतकं रुळलंय की त्याने काय कळतं हे कोणी विचारत नाही. उपाशीपोटीची शुगर मुख्यतः रात्री यकृताने किती ग्लुकोज रक्तात सोडलं ते सांगते. दुपारच्या ताटाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. रात्री न जेवताही सकाळी १५० येऊ शकते, कारण पहाटे कॉर्टिसॉल, वाढीचं हार्मोन यांसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृत साठ्यातलं ग्लुकोज बाहेर काढतं. 'काही खाल्लं नाही तरी वाढली' यात तुमचा दोष नसतो. अशा वेळी रात्रीचं जेवण आणखी कमी करत जाण्यापेक्षा सलग आठवड्याचे सकाळचे आकडे डॉक्टरांसमोर ठेवावेत.

इन्सुलिन न घेणाऱ्या, नुकतंच निदान झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त शिकवते ती जोडीची तपासणी. एकच जेवण निवडा. पहिला घास घेण्याआधी एक रीडिंग, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरं. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. फोनवर गजर लावा. समजा आधी ११८ आणि नंतर २०६ आली. वाढ ८८ची. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, फक्त त्यातला पिठूळ पदार्थ (भात, पोळी) अर्धा: १२२ आणि १६८. तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखंच पूर्ण जेवण, पण उठल्यावर वीस मिनिटं चालणं: ११५ आणि १७१. सहा स्ट्रिपमध्ये तुम्हाला असं काही कळलं जे कोणताही छापील आहारतक्ता सांगू शकत नाही, कारण तो तुमच्या शरीरावर तपासलेला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. अर्धं जेवण आणि चालणं एकाच दिवशी केलंत तर श्रेय कोणाचं ते कळणार नाही. आणि वर सांगितलेला १५ टक्क्यांचा नियम इथेही आहे, म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष काढण्याआधी तीच जोडी आणखी एकदा करून बघा.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची, गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठीची उद्दिष्टं अशी: जेवणाआधी ८० ते १३०, आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८०च्या आत. वयस्कर, एकटे राहणारे, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले यांच्यासाठी डॉक्टर हे आकडे सैल करतात. गरोदरपणात ते बरेच कडक होतात. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, दुसऱ्याचा वापरू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधीचे तीन दिवस मात्र जरा मेहनत घ्यावी: तिन्ही जेवणांच्या आधी आणि दोन तासांनी, शिवाय झोपताना, अशी दिवसाला सात रीडिंग. तीन दिवसांची एकवीस रीडिंग एका पानावर मावतात, आणि वर्षभराच्या रोजच्या सकाळच्या आकड्यांपेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त दिसतं. कोणत्या जेवणानंतर चढते, कोणत्या आधी खाली जाते, गोळीची वेळ कुठे चुकतेय.

रोजची तपासणी कोणाला हवीच? इन्सुलिन घेणाऱ्यांना; रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा सकाळच्या आकड्यावरूनच ठरते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनाही गरज लागते, कारण या गोळ्या शुगर खूप खाली नेऊ शकतात: जेवण चुकलं, नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले, लांबची गाडी चालवायची आहे, अशा वेळी बघायलाच हवं. ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइड सुरू असेल तर सगळ्यांनीच बघावं. स्टेरॉइडने सकाळची शुगर चांगली राहून दुपारनंतरची उसळते, त्यामुळे तेव्हा संध्याकाळी बघा. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या, आकडे स्थिर झालेल्या माणसाने रोज बोट टोचून विशेष काही साधत नाही. शिकून झालं की आठवड्यातून दोन-तीन जोड्या, किंवा नवा पदार्थ, नवी गोळी, नवा व्यायाम सुरू झाल्यावर एखादी. बोटांना सुट्टी द्यायला हरकत नाही.

खाली गेली तर

७०च्या खाली म्हणजे लो. ५४च्या खाली म्हणजे गंभीर, लगेच उपाय. हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड ही लक्षणं. पण निदानाआधी महिनोनमहिने २५०-३०० राहिलेल्या माणसाला शुगर ११०वर आली तरी नेमकं असंच वाटतं, कारण शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते. म्हणून शक्य असेल तर आधी मोजा. ११० असेल तर गोड खाऊ नका, काही आठवड्यांत ती सवय जाते. मीटर जवळ नसेल तर मात्र लो समजूनच चाला.

उपाय १५ ग्रॅम लवकर शोषल्या जाणाऱ्या साखरेचा: ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर, नाहीतर पाण्यात विरघळवलेली तीन छोटे चमचे साखर. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, हातांना ग्लुकोज पावडर लागलेली असताना दुसरं रीडिंग घेतलं जातं. २४० दिसते, सगळे निर्धास्त होतात आणि खरी शुगर ६०लाच असते. पुन्हा हात धुवा. दोन, अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्याला घरातली साखर दिली जाते. ही औषधं नेमकं साखरेचं विघटनच अडवतात, त्यामुळे त्यांना शुद्ध ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका.

दुसऱ्या टोकाला, लागोपाठ दोन वेळा ३००च्या वर, आणि सोबत सतत तहान, उलट्या, गुंगी किंवा श्वास जोरात चालणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गुंगी किंवा उलट्या असतील तर तासाभराचीही वाट नको. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना शुगर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून होणारी धोक्याची अवस्था) होऊ शकतो, त्यामुळे उलट्या आणि पोटदुखी असताना मीटरवरच्या १८०वर विसंबू नका. याच गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यांच्या लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, त्यावरून शुगर वाढली असं ठरत नाही.

नोंद

मीटर आकडे साठवतो, पण त्यामागची गोष्ट साठवत नाही. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, आकडा, दोन तासांत काय खाल्लं, आणि 'इतर' (चाललो, ताप, गोळी चुकली, झोप नाही). मीटरचं घड्याळ एकदा तपासा. बॅटरी बदलल्यावर ते मागे गेलेलं असतं, किंवा सकाळ-संध्याकाळ उलटी झालेली असते, आणि मग डॉक्टर रात्री अडीचच्या 'दुपारच्या जेवणानंतरच्या' रीडिंगकडे बघत बसतात.

मीटरने दाखवलेल्या १४ दिवसांच्या सरासरीवर खूश होऊ नका. ती फक्त तुम्ही मोजलेल्या वेळांची सरासरी असते. फक्त सकाळी मोजलंत तर ती सकाळची. म्हणून मीटरची सरासरी १२५ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी प्रयोगशाळेतली रक्ततपासणी) मात्र ८ येतो. ८ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी १८३च्या आसपास. ७ म्हणजे साधारण १५४. असा फरक पडला तर जेवणानंतरच्या वेळा मोजायच्या राहिल्यात. त्या मोजूनही मेळ बसला नाही तर रक्ताल्पता किंवा हिमोग्लोबिनचा आजार आहे का ते बघतात, कारण त्यात एचबीएवनसीच फसवा येतो.

दंडावर लावायचे सेन्सर आता मिळतात. ते रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतात, म्हणून जेवणानंतर किंवा व्यायामात ते काही मिनिटं मागे असतात. दहा-पंधरा दिवस एकदा लावून बघायला छान. आलेख बघून लोकांचे डोळे उघडतात. लक्षणं एक सांगतायत आणि सेन्सर दुसरंच, असं झालं तर बोटातून बघा. सुई न टोचता शुगर दाखवणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये अशा उपकरणांपासून सावध राहायचा इशारा दिला, तेव्हा त्यातल्या एकालाही मंजुरी नव्हती.

राहिल्या वापरलेल्या सुया. त्या टोपण लावून कचऱ्यात टाकल्या तरी टोपण निघतं आणि कचरा उचलणाऱ्याच्या हातात सुई जाते. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची एक बाटली त्यासाठीच ठेवा, तिच्यावर ठळक अक्षरांत 'वापरलेल्या सुया' लिहा, आणि तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत जिथे घेतात तिथे देऊन या. वापरलेल्या स्ट्रिपही त्याच बाटलीत.